डोळे मिटायचा नियम

नानांनी भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक बोटाने थांबवला आणि मला उठून पळून जावंसं वाटलं.

तसं पाहिलं तर यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मिरजेला स्टेशन रोडजवळच्या त्या घरात दर रविवारी दुपारी चार वाजता असंच चालायचं. आधी पंखा बंद व्हायचा, मग रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्या, आणि शेवटी घड्याळ. पुढचा तास-सव्वा तास त्या खोलीत चारच वाजलेले असायचे. मग नाना प्लेअरचं झाकण उघडायचे, तबकडी ठेवायचे आणि म्हणायचे, "मिटा डोळे." ऐकताना बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, वाहवा तर नाहीच नाही. एखादी जागा मनाला लागली तर उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचं आणि खाली घ्यायचं. तबकडीची एक बाजू संपली की नाना एकेकाला विचारायचे, "तुमचं बोट कुठे उठलं?" आणि ज्याने त्याने आपापली जागा सांगायची. म्हणून दाखवा, हाताने करून दाखवा, नुसतं वर्णन करा, पण सांगायचीच.

त्या रविवारी मला भीती होती ती या प्रश्नाची. कारण तबकडी नवी होती, आणि मला ऐकू येत नव्हतं.

म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. डावा कान सहा महिन्यांपूर्वी जड व्हायला लागला, पाठोपाठ उजवा. माणसं बोललेली कळायची, पण बारीक, वरच्या पट्टीतला आवाज कुठेतरी विरून जायचा. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे नंबर ऐकायचे आणि जोडून द्यायचे, हे माझं काम. त्या महिन्यात मी तीनदा भलत्याच घरी भलताच फोन जोडून दिला होता. तिसऱ्या वेळी एका वधूपित्याला मी लाकडाच्या वखारीशी बोलायला लावलं. सगळ्या मुली हसल्या, मीही हसले. आमच्या सुपरवायझर चौगुलेबाई मात्र हसल्या नाहीत. "मंदाकिनी, बुधवारी डॉक्टर येतायत सगळ्यांचे कान तपासायला," एवढंच म्हणाल्या. तो बुधवार आता तीन दिवसांवर आला होता.

नोकरीची धास्ती होतीच. पण खरं सांगायचं तर मी मावशीला घाबरत होते. माझ्या आईची धाकटी बहीण तिशीत बहिरी झाली. सगळे तिला बहिरी शांता म्हणत, तिच्यासमोरच म्हणत. घरात पाहुणे आले की ती कोपऱ्यात वाटाणे सोलत बसे आणि सगळे हसले की हसे, तेही जरा उशिराने. लहानपणी आम्ही भावंडं तिच्या पाठीमागे उभं राहून काहीही बोलायचो आणि खिदळायचो. मी सव्वीस वर्षांची होते, आणि गेले काही दिवस माझंही हसू उशिरा यायला लागलं होतं. घरात कुणाला म्हणजे कुणालाही मी हे सांगितलं नव्हतं.

या मंडळात मी आले तीही टेलिफोनमुळेच. दर रविवारी सकाळी नानांच्या घरून पुण्याला ट्रंक कॉल असायचा. नानांच्या पत्नी, माई, तो बुक करायच्या. पुण्याला माईंचे भाऊ अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते; नाना रिसीव्हर स्पीकरसमोर धरून त्यांना तबकडी ऐकवायचे, हे मला नंतर कळलं. कॉल जोडून दिला की ऑपरेटरने लाइनमधून बाहेर पडायचं असतं. एका रविवारी मी नियम मोडून थांबले, कारण लाइनवर कुणी बोलतच नव्हतं. नुसती बासरी वाजत होती. आपली बासरी नव्हे. ही स्वरावरून स्वरावर न जाता मधल्या फटींतून खाली घसरायची, पुन्हा वर यायची, आणि आता संपली म्हणावं तर हलकेच भलत्याच वाटेने निघून जायची. मी ऐकत राहिले. तीन मिनिटं झाली तशी सवयीने म्हणाले, "तीन मिनिटं झाली." उत्तर नाही. पुन्हा म्हणाले. तरी नाही. मला वाटलं, काय तल्लीन झालाय हा माणूस. त्या तल्लीनतेवर मी भाळले म्हणा ना. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर पत्ता शोधत घरी गेले आणि माईंना म्हणाले, "चोरून ऐकलं, माफ करा. पण ते काय होतं?"

ते फ्रेंच होतं. एका साखर कारखान्याची यंत्रं बसवायला आलेला लेरूआ नावाचा फ्रेंच इंजिनियर, आमचा लेरूसाहेब, दोन वर्षं नानांच्या माडीवर भाड्याने राहिला होता. जाताना प्लेअर, लाकडी खोक्यातला स्पीकर आणि एकतीस तबकड्या नानांना देऊन गेला. त्यांवरचं फ्रेंच आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं, म्हणून आम्हीच त्यांना नावं दिली. पाण्याची, घंटांची, बासरीची. एका तबकडीत एक जाडजूड लाकडी वाद्य कुरकुरत चालायचं, तिला हुसेनभाईंनी 'सासूबाई' असं नाव ठेवलं.

हुसेनभाई तंबोरे करायचे. पिढ्यान् पिढ्यांचं काम. आपलं गाणं त्यांच्या हाडात होतं, पण या परक्या गाण्यालाही ते दारी आलेल्या पाहुण्याच्या अदबीने ऐकायचे. दुसरे तोफखाने सर, हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांना थोडंफार ठाऊक असायचं. त्यांच्या मिशा एवढ्या दाट होत्या की वरचा ओठ मी कधी पाहिला नाही. नाना दर आठवड्याला त्यांना म्हणायचे, "सर, त्या मिशा कापा हो." ती त्यांची नेहमीची थट्टा होती. तिसरी मी. आणि स्वतः नाना आठल्ये, रेल्वेतले निवृत्त तारमास्तर. त्यांचा आवाज सपाट आणि जरा मोठा, प्लॅटफॉर्मवर आयुष्य गेल्यामुळे असेल असं आम्ही धरून चाललो होतो. समोरचा बोलत असला की ते त्याच्या तोंडाकडे एकटक बघत. इतकं मन लावून ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

गेले दोन-तीन महिने मी तिथे काय करत होते, ते सांगायला लाज वाटते. मी डोळे उघडे ठेवायची. माझी जागा दाराजवळ, नानांच्या पाठीमागे होती. तिथून हुसेनभाईंचा हात दिसायचा. त्यांचं बोट वर गेलं की मी मनात मोजायची, आणि नंतर तीच जागा आपली म्हणून सांगायची. तबकड्या आधी ऐकलेल्या असल्यामुळे निभावून जायचं.

नव्या तबकडीला मात्र हे चालणार नव्हतं. चार वर्षांनी लेरूसाहेबाचं पार्सल आलं होतं. तबकडीबरोबर इंग्रजीत चिठ्ठी होती, ती सरांनी मोठ्याने वाचून दाखवली. सुरुवातीला घाई करू नका, हे संगीत शांततेतून वर येतं, पहाट होते तसं, असं त्यात लिहिलं होतं.

"हे त्यांचं वैशिष्ट्य आहे," सर म्हणाले. "शांतता हीसुद्धा त्यांच्यात वाजवायची गोष्ट असते."

"म्हंजे आपण आलाप करतो तसं?" हुसेनभाईंनी विचारलं.

"त्याहून सूक्ष्म."

"मग तर कान उघडे ठेवाय पायजेत."

माईंनी नव्या तबकडीच्या मानासाठी सकाळीच खोली झाडून पुसून घेतली होती, आणि खुर्च्या हलल्या होत्या. माझी दाराजवळची खुर्ची नाहीशी झाली होती. मी बसले ती नानांच्या बरोबर समोर. नाना नेहमीप्रमाणे प्लेअरला खेटून, सुई सांभाळायला.

लंबक थांबला. नानांनी सुई ठेवली. "मिटा डोळे," ते म्हणाले.

मी मिटले. एवढी घाबरले होते की खरोखरच मिटले.

काही ऐकू आलं नाही. म्हटलं, शांततेतून वर येतंय, थांबावं. थांबले. कानात नेहमीची ती गुणगुण चालू होती, तारांच्या खांबाला कान लावल्यावर येते तसली. तिच्या पलीकडे काही नाही. मी मनात वीसपर्यंत मोजलं, मग चाळीसपर्यंत. तरी काही नाही. डोळे किलकिले करून पाहिलं. तबकडी फिरत होती, सुई आत आत सरकत होती. डाव्या हाताला तोफखाने सर भुवया उंचावून बसले होते, चेहऱ्यावर कमालीचं समाधान. उजवीकडे हुसेनभाई मान पुढे काढून, सगळं अंग कान करून.

मग मला कळलं. गेलं. उरलंसुरलं होतं तेही गेलं.

ती भीती आज इतक्या वर्षांनीही तशीच आठवते. पंखा बंद, खिडक्या बंद, घड्याळ बंद. खात्री करून घ्यायला खोलीत एक आवाज नव्हता. खुर्ची सरकवून बघावी, खाकरून बघावं, असं मनात आलं, पण धाडस झालं नाही. खुर्ची सरकवली आणि तीही ऐकू आली नाही तर मी काय करणार होते? मला कोपऱ्यातली मावशी दिसायला लागली, तिच्या मांडीवरचं वाटाण्याचं ताट दिसायला लागलं. बुधवारची तपासणी आता हवी कशाला, असंही वाटलं. रडू फुटेल म्हणून मी दात घट्ट आवळले. रडताना तोंडातून आवाज निघाला तरी तो मला कळणार नव्हता.

तेवढ्यात समोर नानांचं बोट वर गेलं.

म्हणजे सुरू झालं होतं. सगळ्यांसाठी सुरू झालं होतं आणि जागासुद्धा येऊन गेली होती. माझंही बोट आपोआप वर गेलं. कुणी बघत नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं, तरी गेलं. भीतीने माणूस काय वाटेल ते करतो. थोड्या वेळाने नानांचं बोट पुन्हा उठलं, आणि माझंही. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, तिथून नजर जरा वर नेली.

नानांचे डोळे उघडे होते. ते आधी सुईकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आमची दोघांची बोटं तशीच वर राहिली. कुणी आधी खाली घ्यावं हे कुणालाच सुचत नव्हतं.

"नाना," हुसेनभाई म्हणाले. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. "माज्या कानाला काय झालंय काय वो? मला तर काय ऐकूच येईना."

मला ऐकू आलं. एकन् एक शब्द ऐकू आला.

"शू," सर पुटपुटले. "अजून यायचंय. धीर धरा."

"धीर धरायला काय नाय सर, पण तंबोरा जुळवताना मुंगी चालली तरी मला कळती. हितं काय बी वाजंना झालंय."

स्वयंपाकघराच्या दारात माई उभ्या होत्या. त्या कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, आणि मग पुढे येऊन नानांच्या खांद्यावर हात ठेवला. नानांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"अहो, स्पीकरची वायर निघालीय मागची," माई शब्द सावकाश सुटे करत म्हणाल्या. "सकाळी झाडताना माझाच हात लागला असणार."

मग नाना मोठ्याने हसले.

"परीक्षा घेत होतो," ते म्हणाले. "बघत होतो कोण किती वेळ बसतं. हुसेनभाई पास."

"आणि आम्ही?" सरांनी विचारलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"तुम्ही मिशा कापा."

सगळे हसले. मीही हसले, या वेळी वेळेवर. पण वायर निघालेली असताना माझं बोट वर गेलेलं नानांनी दोनदा पाहिलं होतं. माईंनीही पाहिलं असणार. आता बहाणा करायला जागा उरली नव्हती.

वायर जोडून तबकडी पुन्हा लावली. खरंच ती शांततेतून वर येत होती. तळाशी काहीतरी जड, गार असं सरकत होतं, तेवढं मला कळलं. मग हुसेनभाईंचं बोट उठलं आणि बराच वेळ खाली आलं नाही, पण तिथे काय वाजलं ते मला कळलं नाही. बाजू संपल्यावर नानांनी त्यांना विचारलं.

"खालच्या षड्जातनं दुसरी ती बासरी निघती बगा," हुसेनभाई दोन्ही हातांनी दाखवत म्हणाले. "पाण्यातनं माणूस डोकं वर काढतो आणि पयला श्वास घेतो, तशी. आमच्यात असं कुणी करत न्हाई. पण करायला पायजे."

नाना त्यांच्या ओठांकडे बघत होते, हातांकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. सर बोलले, पुष्कळ बोलले. मग माझी पाळी आली.

"मंदा, तुझं नंतर," नाना म्हणाले.

ते 'नंतर' मी अर्धा तास उरावर घेऊन बसले. पोहे झाले, चहा झाला. सर गेले, हुसेनभाई गेले. माईंनी मला कढीपत्ता निवडायला म्हणून मागच्या पडवीत नेलं आणि कढीपत्ता न देताच आत निघून गेल्या. नाना येऊन समोरच्या पाटावर बसले.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलणार होते. तोंडही उघडलं होतं. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्याच्याने ते झालं नाही.

"सहा महिने," मी म्हणाले. "दोन्ही कान. नाना, कुणाला सांगू नका. बुधवारी तपासणी आहे. मला टेलिफोनच्या बोर्डावरून काढतील. मग घरात मावशीसारखी..." मी तोंडाला पदर लावला.

"हळू बोलू नकोस," नाना म्हणाले. "आणि तोंडावरचा पदर काढ. मला दिसत नाही."

मी पदर काढला. त्यांचं बोलणं मला कळायला मात्र थोडा वेळ लागला. पुण्याचा तो कॉल आठवला. तीन मिनिटं झाली, असं मी दोनदा सांगितलं होतं. सरांच्या मिशा आठवल्या. कॉल नेहमी माईच का बुक करतात, तेही.

"तुम्हाला..."

"सात वर्षं झाली. तोफ उडाली तर पायाखाली कळते, एवढंच."

"पण लेरूसाहेब चारच वर्षांपूर्वी..."

"हो. त्या एकतीसपैकी एकही तबकडी मी ऐकलेली नाही." त्यांनी हे अगदी सरळ सांगितलं. "मिरजेत गाण्याचा दर्दी म्हणून माझं नाव होतं, तुला ठाऊक नसेल. पहिल्या रांगेत बसायचो. कान गेले तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरलासुद्धा नाही. बैठकीला जाणं सोडलं. आपल्या गाण्यात मला कुणीही पकडलं असतं. चुकीच्या जागी मान हलली की संपलं. मग घरी कुणी येईना. दोन वर्षं मी आणि माई, आणि घड्याळाकडे बघत बसायचं. मग हा साहेब तबकड्या सोडून गेला. मी विचार केला, या गाण्यातलं इथे कुणालाच काही कळत नाही. इथे मला कोण पकडणार?"

"मग बोट कसं..."

"सुई कुठवर आली ते बघतो. जिथे वाजणं जोरात असतं तिथे तबकडीच्या रेघा उजेडात वेगळ्या दिसतात. तिथे बोट वर करायचं. डोळे मिटायचा नियम मी उगाच केला असं वाटलं तुला? मी बघतोय हे कुणी बघू नये म्हणून केला." ते जरा थांबले. "आणि नंतर विचारतो ना, तुमचं बोट कुठे उठलं? तुम्ही सांगता तेवढंच मला ऐकू येतं. बासरीची तबकडी मला हुसेनभाईंच्या हातातून ठाऊक आहे. घंटांची तू सांगितलीस. चांगली सांगतेस तू. गेले दोन महिने मात्र हुसेनभाईंचंच उष्टं सांगतेयस. तेव्हाच मला संशय आला होता."

मला रडू आलं. सहा महिन्यांचं साठलेलं रडू होतं, त्याला काही धरबंध राहिला नाही. नाना समजूत वगैरे घालत बसले नाहीत. पाटावर बोटांनी टकटक करत राहिले, तारमास्तर असल्यापासूनची सवय.

"माझं वय झालं होतं," शेवटी ते म्हणाले. "तरी पहिल्या वर्षी गेलो असतो तर काही झालं असतं, असं आता वाटतं. झालं नसतंही. मी भ्यालो, हे मात्र नक्की. तू बुधवारची वाट बघू नकोस. उद्या सकाळी माई तुझ्याबरोबर येईल कानाच्या डॉक्टरकडे. तुझ्या मावशीचंही सांग त्यांना. लपवू नकोस काही."

"आणि काही होण्यासारखं नसेल तर?"

"तर रविवारी ये. सुईकडे कसं बघायचं ते शिकवतो."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते मोठं काही नाही. डॉक्टर म्हणाले, कानातलं तांदळाएवढं हाड गोठून बसलंय, घराण्यातच असतं हे, एका कानाचं ऑपरेशन करून बघू, खात्री देत नाही. चौगुलेबाईंना मी स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी मला बोर्डावरून काढून चार महिने तक्रारींच्या टेबलाला बसवलं. ऑपरेशन भूल न देता, कान तेवढा बधिर करून झालं. मी टेबलावर पूर्ण जागी होते आणि आधी सगळ्या देवांची नावं घेत होते, ती संपली तेव्हा तबकड्यांची घ्यायला लागले. बरंच काही खुडबुडल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "ऐकू येतं का?" ते मला एवढं मोठ्याने ऐकू आलं की मी दचकले. उजवा कान आला. डावा गेला तो गेलाच.

त्यानंतरच्या रविवारी मी खुर्ची उचलून नानांच्या शेजारी नेऊन ठेवली. हुसेनभाई आणि सर यांना काहीच ठाऊक नव्हतं. आमचं तसंच ठरलं होतं, की नानांचं मी सांगायचं नाही, माझं नानांनी. घड्याळ थांबलं. तीच नवी तबकडी लागली. "मिटा डोळे," नाना म्हणाले. त्या दोघांनी डोळे मिटले, तशी मी नानांचा डावा हात ओढून माझ्या मांडीवर घेतला. ते चमकले. मी त्यांचा तळवा उलटा करून त्यावर माझं बोट ठेवलं.

तळाशी ते जड, गार असं सरकायला लागलं. मी तळव्यावर बोट सावकाश सरकवलं. ते वर आलं, तसं बोटही वर आणलं. मग बासरी निघाली. कित्येक महिन्यांत मी ऐकलेली पहिली बासरी. हुसेनभाईंनी सांगितलं होतं तशीच, पाण्याबाहेर डोकं काढून श्वास घेतल्यासारखी. ती मी नानांच्या तळव्यावर टकटक करत, ओढत, थांबत, जमेल तशी उतरवत गेले. तारेची लिपी मला येत नव्हती, पण नाना माझ्या बोटाकडे बघत होते, आणि त्यांना काहीतरी पोचत असावं.

मग त्यांनी सुईवरची नजर काढली. माझ्या हातावरचीही काढली. चष्मा उतरवून खिशात ठेवला आणि चार वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा नियम पाळला.

तबकडी फिरत होती. बासरीच्या मागून सगळी वाद्यं एकदम उजेडात आली, तेव्हा मी त्यांच्या हातावर पाचही बोटं दाबली. नानांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांचं उजव्या हाताचं बोट सावकाश वर गेलं आणि तिथेच राहिलं.

माझंही त्या जागी उठलं असतं. पण माझा हात मोकळा नव्हता.